पाचव्या पेटीतली शेंग

"नवा सदरा व्हता माजा. एक डाव अंगात घातला आन ह्या पेटीच्या खिळ्यानं फाडला. टमाट्याच्या खोक्यात बाईंना काय दिसतंय, त्यांचं त्यांनाच ठावं."

ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली, कारण कुरकुरणाऱ्याची बाही अजून माझ्याच खिळ्यात अडकलेली होती. बोलणारे होते शाळेचे शिपाई गोरखभाऊ. आणि मित्रांनो, तो खिळा माझा. मी नारायणगावच्या बाजारातली एक जुनी लाकडी पेटी. हल्ली मी टोमॅटो वाहत नाही. हल्ली मुलं माझ्या पोटात हात घालतात आणि विचारात पडतात. हे कसं झालं ते सांगते. सदऱ्याचं फार मनावर घेऊ नका, त्याचंही पुढं बरंच झालं.

माझा जन्म १९९१ सालचा, बाजारामागच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मला ठोकलं अमजदभाईंनी. ते तेव्हा विशीतले होते आणि रोज जुन्नरहून सायकलवर यायचे. खिळे ओठांत धरून काम करायची सवय, त्यामुळे दिवसभर कुणाशी बोलणं नाही. शेवटचा खिळा मात्र ते नेहमी जरा तिरपा मारायचे. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कुणी भाकरीवर शेवटची थाप जास्त जोरात मारतं, तसंच ते.

माझी कामाची वर्षं शेत ते बाजार आणि बाजार ते शेत अशी गेली. तळाला पेंढा, वर रद्दी कागद, त्यावर टोमॅटो. आता खरं सांगायचं, तर शेतकरी दादा मोठी लाल फळं वर रचायचे आणि बारकी खाली. सगळेच रचायचे, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. व्यापारीही काही बोलत नसे. तो फक्त बाही सरकवून कडेनं हात थेट तळाशी घालायचा. डोळे भलतीकडेच, कधी चहावाल्याकडं, कधी ट्रककडं. पण बोटं खाली चाचपत असायची आणि बोटांना सगळं कळायचं. माणसाचा हात डोळ्यांपेक्षा खरं बोलतो, हे मी तिथं शिकले.

मग प्लॅस्टिकचे क्रेट आले. धुतले की नव्यासारखे, एकात एक बसणारे, पावसात न कुजणारे. त्यांच्यावर रागावू तरी कशी? पण दोन हंगामांत आम्हाला कुणी विचारीना. ढिगानं आमची रवानगी सरपणात झाली. जुन्नर-घोडेगाव रस्त्यावरच्या एका शाळेत मुलांची खिचडी शिजायची, तिथल्या चुलीशेजारी आम्ही जाऊन पडलो. माझ्या कितीतरी बहिणी तिथं जळाल्या. ते मरण वाईट नव्हतं, पोरांची पोटं भरली. तरी पण मला अजून जगायचं होतं. उरलो आम्ही पाचजणी. सहावीला चुलीत जाताना पाहिलं, त्याच दिवशी तेजस्विनीबाई राखेतून वाट काढत आल्या.

बाई विज्ञान शिकवायच्या. शाळेनं त्यांना एक जुनी अडगळीची खोली दिली होती, निसर्गाचं दालन करायला. बाईंनी हौसेनं तक्ते लावले, बाटल्या मांडल्या आणि दारावर पाटी लावली, 'हात लावू नये'. पहिल्या दिवशी सातवीचा वर्ग पाठीमागे हात बांधून रांगेत आत गेला आणि चार मिनिटांत दुसऱ्या दारानं बाहेर पडला. हर्षाली नावाची एक मुलगी जाता जाता मैत्रिणीला म्हणाली, "देवळात निदान परसाद तरी भेटतो." बाईंनी ते ऐकलं. संध्याकाळी त्यांनी पाटी काढली आणि चुलीपाशी येऊन आम्हा पाचजणींना उचलायला लावलं. तेव्हाच गोरखभाऊंचा सदरा फाटला.

आम्हाला जोडायला सुतार आला, तो कोण असावा? माझ्या कडेवर अंगठा फिरवता फिरवता तिरप्या खिळ्यापाशी थांबला आणि हसला. "बाई, ही तर माझीच लेकरं हायत." अमजदभाईंच्या कानांवर आता पांढरे केस होते. ते आता दारं-खिडक्या करायचे आणि खिळे खिशात ठेवायचे, म्हणून बोलायचेही भरपूर.

बेत असा होता. पाच पेट्या ओळीनं, प्रत्येकीला समोर एक गोल भोक. आत एकेक वस्तू. मुलांनी न बघता हात घालायचा आणि ओळखायचं. ऐकायला किती सोपं. पण पहिली भोकं मोठी झाली, मुलं हात घालण्याऐवजी डोळाच लावायला लागली. मग गोरखभाऊंच्या फाटक्या सदऱ्याच्या दोन बाह्या कापल्या, उरलेल्या कापडाच्या आणखी तीन शिवल्या आणि भोकांवर बसवल्या, की हात जावा आणि नजर जाऊ नये. माझ्या वाट्याला उजवी बाही आली. ज्या खिळ्यानं ती फाडली त्याच्याच शेजारी ती बसली आणि दोघांचं बरं जमलं.

मग उत्तरांचा घोळ. बाईंनी उत्तरं वर लिहिली, तर मुलं वाचून मोकळी. उत्तरांवर झाकण लावलं, तर मुलं आधी झाकण उघडायची. बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अमजदभाई म्हणाले, "उत्तर पेटीवर कशाला पायजे? उत्तर तर हितं झाडू मारतंय."

खरंच होतं ते. गोरखभाऊ आहुप्याचे, घाटमाथ्यावरच्या रानातले. साळिंदर कुठून गेलं, कोणत्या पाखराचं घरटं कोणत्या फांदीला, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत. पण शाळेत त्यांना बारा वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. घंटा द्या, पाणी भरा, एवढंच. आता ठरलं, की हात घालायचा, मनाशी ओळखायचं आणि गोरखभाऊंना जाऊन सांगायचं. बरोबर की चूक ते सांगणार.

तेव्हापासून गोरखभाऊ भांग नीट पाडून येऊ लागले.

पहिल्या पेटीत रानवाटेवर पडलेला साळिंदराचा काटा. दुसरीत सुगरणीचं सोडलेलं घरटं. तिसरीत बांधावरची सापाची कात. चौथीत विहीर खोदताना निघालेला दगड, बाहेरून ओबडधोबड आणि आतून स्फटिकांनी भरलेला. पाचवी मी. मी रिकामी.

"इथं असं काहीतरी हवं," बाई अमजदभाईंना म्हणाल्या, "की ज्याला मुलांनी कधी हात लावला नसेल. कॉलेजात असताना मी एकदा गारंबीची शेंग पाहिली होती. हाताएवढी लांब. मोठ्या वेलाला लागते. तसलं काही मिळालं असतं तर." आणि त्यांनी सुस्कारा टाकला. गोरखभाऊ शेजारीच फळ्या पुसत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

त्या शनिवारी गोरखभाऊ नेहमीसारखे मुक्कामाच्या एसटीनं गावी गेले. सोमवारी आले ते काखेत पोतं घेऊन. पोत्यात शेंग होती. तपकिरी, कडक, करवतीसारखी खाचाखाचांची, बिया आत खुळखुळणाऱ्या. बाईंनी ती दोन्ही हातांत घेतली आणि टोकापासून टोकापर्यंत तिच्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "सुंदर आहे."

"वाटंत घावली," गोरखभाऊ म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

अमजदभाईंनी एकदा शेंगेकडं पाहिलं, एकदा गोरखभाऊंच्या पायांकडं. गोरखभाऊंनी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. आजवर कधी काढल्या नव्हत्या. "वाटंत का," अमजदभाई म्हणाले आणि शेंग माझ्यात तिरकी ठेवून त्यांनी मागची फळी ठोकली. शेवटचा खिळा तिरपा.

मित्रांनो, आहुप्याला देवाची राई आहे. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जुनं रान. तिथं चपला काढून जायचं आणि तिथलं काही बाहेर न्यायचं नाही. फळ नाही, फूल नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. पायाला पान चिकटून आलं, तर लोक राईच्या कडेला थांबतात, पाय झटकतात आणि मगच पुढं जातात. तसला जुना, मांडीएवढा जाड गारंबीचा वेल त्या गावाला त्या राईतच आहे. एवढं मला कसं माहीत? माझ्यासमोर तासन्‌तास बसून गोरखभाऊच मुलांना राईच्या गोष्टी सांगायचे. सगळं सांगायचे. शेंगेचं तेवढं सोडून.

दालन उघडलं आणि गर्दी झाली. मुलं किंचाळत, हसत, एकमेकांना ढकलत. शेजारच्या गावांतून शाळा येऊ लागल्या. पाहुणे येऊन दाद देऊन गेले. फेब्रुवारीत आम्हाला टेम्पोत घालून खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला नेलं, तिथं शेतांच्या मधोमध आकाशाकडं तोंड केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आहेत. तिथं काम करणाऱ्या एका साहेबांनी माझ्यात हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आमचंही हेच काम. वर काय आहे ते डोळ्यांनी न बघता ओळखायचं." मला तर आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी विचारलं, "ही शेंग कुठली?"

"वाटंत घावली," गोरखभाऊ म्हणाले.

त्या वर्षात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. पहिल्यांदा ते ठणठणीत होतं. होळीपर्यंत त्याचा आवाज बसला. उन्हाळी सुट्टीच्या सुमाराला गोरखभाऊ माझ्याकडं न बघता ते बोलायला लागले. आणि त्या सोमवारनंतर ते गावी गेले नव्हते. शनिवार आला, की "सुट्टी न्हाई भेटली" असं म्हणायचे, ते सुद्धा सुट्टी देणाऱ्या मुख्याध्यापकांच्या समोर. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायचे. उन्हाळा गेला, भातलावणी गेली. आईचे निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर येत राहिले, लावणीला ये, गौरीला ये, दिवाळीला तरी ये. दिवाळीत गोरखभाऊ शाळेच्या व्हरांड्यात एकटे बसून दालनाच्या दाराला तेल देत होते. त्या दाराला तेलाची काही गरज नव्हती.

शाळेत सगळ्यांना कळत होतं. कुणी बोलत नव्हतं. दालन छान चाललं होतं ना.

दिवाळीनंतर साळुबाई स्वतःच आल्या, गोरखभाऊंची आई. डोक्यावर नव्या तांदळाचं गठुडं, पायांवर धूळ. लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वाळलास." मग म्हणाल्या, "ह्येच व्हय तुजं ते खोक्यांचं? दाव बरं."

बाईंनी त्यांना हौसेनं हात घालायला लावला. साळुबाईंना मजा वाटली. "साळूचा काटा," हात घालता घालताच म्हणाल्या. दुसऱ्या पेटीत, "सुगरनीचा खोपा. नराचा आर्धवट सोडल्याला हाय, मादीला पसंत पडला नसंल." कात ओळखली आणि साप कोणता तेही सांगितलं. दगडाला हात लावून म्हणाल्या, "ह्ये आमच्याकडं न्हाई, ह्ये खालच्या अंगाचं." मुलं टाळ्या वाजवू लागली. मग त्या माझ्यापुढं आल्या.

हात आत आला. खरखरीत, नखांत माती असलेला. शेंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. किती तरी वेळ तो तसाच होता. मग साळुबाईंनी हात काढला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "ह्ये न्हाई वळखत बा मी. म्हातारं मानूस."

ज्या बाईला नर सुगरणीनं सोडलेलं घरटं बोटांनी कळतं, तिला हे कळलं नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? पण सगळ्यांनी ठेवला. बाई म्हणाल्या, "हो, ते अवघडच आहे." साळुबाई दुपारच्या गाडीनं परत निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "भात झोडायचा हाय. येऊन जा." लेक मान खाली घालून उभा राहिला. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोरखभाऊ एकटेच आत आले. चपला बाहेर. माझ्यात कोपरापर्यंत हात घातला, शेंग घट्ट धरली आणि ओढली. शेंग तिरकी, भोक लहान. ती काही येईना. त्यांनी फिरवून पाहिली, तर मूठ बाहीत अडकली, त्यांच्याच सदऱ्याच्या बाहीत. नेमक्या तेव्हाच बाई आणि अमजदभाई आत आले. अमजदभाई खिडकी दुरुस्त करायला आले होते.

तिघंही उभे. एकाचा हात माझ्यात.

"मागची फळी जरा सैल झालीया वाटतं," अमजदभाई म्हणाले. फळी अजिबात सैल नव्हती, मला माहीत आहे. त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि खिळे उपटू लागले.

"हो, सैलच आहे," बाई म्हणाल्या. "आणि मी काय म्हणते, या वर्षी सहल आहुप्याला नेली तर? पेट्याही नेऊ. तिथल्या मुलांनाही दाखवू."

"लांब हाय, बाई," गोरखभाऊ म्हणाले.

"असू दे लांब."

डिसेंबरात एका टेम्पोत आम्ही पाचजणी आणि एका जीपमध्ये दाटीवाटीनं मुलं आणि मोठी माणसं, असे घाट चढून गेलो. शेंग पुन्हा पोत्यात होती, गोरखभाऊंच्या मांडीवर. जीपमध्ये गाणी झाली, भेंड्या झाल्या. पोत्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आम्हाला राईच्या बाहेर, मोकळ्या जागेत ओळीनं मांडलं. राईची राखण करणारे धर्माजीबाबा काठी घेऊन येऊन बसले होते. गोरखभाऊंनी पोतं उचललं, अनवाणी राईत गेले. त्या सगळ्या वेळात धर्माजीबाबा समोरच्या डोंगराकडं बघत होते, जणू तो डोंगर त्यांनी आजच पाहिला. गोरखभाऊ रिकामं पोतं घेऊन परत आले, कडेला थांबले, पाय झटकले. झालं. अख्ख्या गावाला ते न बोलता मिटवायचं होतं, आणि मिटलंही असतं.

इकडं गावची पोरं आमच्याभोवती जमली. चार पेट्या त्यांनी चुटकीसरशी ओळखल्या. पाचव्या पेटीत हात घातलेला एक पोरगा कुरकुरला, "ह्यात कायच न्हाई. फसवलं आमाला."

बाई त्याच्याजवळ वाकल्या. "फसवलं नाही. ह्या पेटीतली वस्तू तिच्या घरी आहे. तिला हात लावायचा, तर तिच्याकडं जायचं. चपला काढून." पोरगं थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिलं, मग चपला भिरकावून वेलाकडं पळालं. त्याच्यामागून आमच्या शाळेची पोरं पळाली.

मित्रांनो, मी आता आयुष्यभर रिकामीच राहणार, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? पण आजवर माझ्यात जे जे भरलं ते कुठून तरी उचलून आणलेलं होतं. रिकामी झाल्यावर पहिल्यांदाच मी कुणाला तरी कुठं तरी पाठवलं. तुम्हालाही कधी रानातलं काही फार आवडलं, पीस म्हणा, शेंग म्हणा, गोटा म्हणा, तर लगेच खिशात घालू नका. आधी तिथंच उकिडवे बसा. हात लावा. कुणाचं आहे ते विचारा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. आम्हा वस्तूंना जपायचं ते असं.

चहा झाला. साळुबाई लांब बसल्या होत्या. निघायची वेळ झाली, जीपचा दरवाजा उघडला, सगळे उठले. गोरखभाऊ तेवढे उठले नाहीत.

"आये," ते म्हणाले. आवाज पहिल्या दिवसासारखा ठणठणीत होता. "शेंग म्या नेली व्हती. वाटंत घावली न्हवती. राईतनं उचलली."

धर्माजीबाबांनी डोंगरावरची नजर खाली आणली. "पडल्याली व्हती?"

"पडल्याली. पन राईतली. बाईंनी सांगितलं न्हवतं. माजं मीच."

मग साळुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "ठावं हाय मला. हात घातला तवाच कळलं. चल, हातपाय धू. भात शिजलाय. उद्या झोडनी हाय, आज काय तू जात न्हाईस."

गोरखभाऊ तिच्यामागून निघाले. सगळ्यांना हायसं वाटलं. अमजदभाई मला टेम्पोत चढवायला पुढं झाले. तेजस्विनीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या हातात त्यांच्या चपला होत्या.

"थांबा, गोरखभाऊ," त्या म्हणाल्या. "कॉलेजात असताना मी ती शेंग पाहिली होती, ते इथंच. ह्याच वेलाखाली. तुम्ही आणलीत, तेव्हा हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं कुठून आणलीत ते. मला ती हवी होती. म्हणून मी विचारलं नाही."